राखण

साखर पेठेच्या बोळात, कारखान्याच्या दारात,
लोखंडी स्टुलावर मी,
बक्कल नंबर अकराशे सत्त्याऐंशी.
मांडीवर नोंदवही. आत राजमोगली वंगारी,
रात्री अकरा चाळीसपासून माझ्या राखणीत.

कलशेट्टी साहेब म्हणाले, म्हेत्रे,
यायची वाट एक, जायची तीच.
भिंतीच्या कडेनं. मधून कुणी नाही, मीसुद्धा नाही.
हात लावायचा नाही,
आणि लागलाच तर लपवायचा नाही.

पिवळी पट्टी खांबापर्यंतच पुरली.
शेजारच्या मागवाल्यानं आतल्या कोनांकडे बोट केलं,
सूत आहे की ढीगभर.
साहेब ओरडले, आतलं आतच!
मग समोरच्या रंगाऱ्याकडून लच्छी आणली,
हळदी रंगाची, अजून ओलसर,
आणि बोळ अडवला.
माझ्या बोटांना रंग लागला. तेही लिहिलं.

आत पंखा फिरतोय.
फिरत होता, म्हणून फिरू द्यायचा.
दिवा होता तसा. नळ होता तसा, थेंब थेंब.
मागावर टॉवेल अर्ध्याच्या जरा पुढे,
मोराला मान आलीय, पिसारा यायचाय.
धोटा उजव्या पेटीत थांबलेला.
चहा सांडलाय, ग्लास आडवा.
घरी मी चप्पल उलटी दिसली तरी
पायानं सरळ करून पुढे जाते.
इथे सबंध रात्र
काहीच सरळ करायचं नव्हतं.

दोनदा त्याचा फोन वाजला,
फरशीवर, पालथा.
कडेनं उजेड पसरला आणि विझला.
कोण होतं, ते वाकून बघायचं नव्हतं.

१२.०५, फोटोग्राफर इनामदार, सोबत कॅमेरा, एक दिवा.
१२.५०, श्वान आणि त्याचे हवालदार;
श्वान रंगाऱ्याच्या हौदापाशी गेलं, बसून राहिलं.
१.३०, माजी नगरसेवक. कारण विचारलं.
म्हणाले, सहज.
मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, सहज,
आणि सहीसाठी वही पुढे केली.
वाचून मागे फिरले.

दोनच्या सुमाराला त्याची आई आली, पेंटम्मा.
विड्या वळून काळी पडलेली बोटं.
लच्छी मुठीत धरून म्हणाली,
ओक्कसारी, अम्मा, ओक्कसारी.
एकदाच. डोळे मिटवते त्याचे, लगेच येते.
माझ्या आजीच्या वयाची बाई
मला अम्मा म्हणत होती.
मी म्हणाले, मावशी, तुमचा हात लागला
तर ज्याचा लागला त्याचा पुसून जाईल.
हे खरं होतं.
पापण्यांवर कुणाचाच हात नसेल,
हेही खरं असेल.
तिला मराठी किती कळलं ठाऊक नाही.
तिनं मूठ सोडली, पायरीवर बसली,
तळव्याला हळदी रंग.
तिचं नाव वहीत आलं नाही.
आत न गेलेल्यांचा रकाना नसतो.

पहाटे मुंग्या आल्या.
दोराखालून, खुशाल,
त्याच्या डब्यातल्या कडक भाकरीकडे.
त्यांना अडवू कशी, आणि उचलू कशानं?
लिहिलं: ४.२०, मुंग्या, काळ्या, नळाच्या बाजूनं,
डब्याकडे.
वाटलं, साहेब हसतील.
ते म्हणाले, बरं केलंस.

सातला फॉरेन्सिकची गाडी आली.
डोक्याला टोपी, हातमोजे, पायांत कापडी पिशव्या,
लग्नघरात शिरावं तशा लगबगीनं नाही,
दवाखान्यात शिरावं तसे, आवाज खाली ठेवून.
त्यातल्या बाई माझ्यापाशी थांबल्या.
बूट दाखव.
कागदावर माझा डावा पाय उमटला,
टाचेला एका बाजूनं झिजलेला;
तशी मी चालते हे मला माहीत नव्हतं.
कशाला, बाई?
म्हणाल्या, तुला वगळायला.

वहीत शेवटची ओळ माझीच होती.
वेळ घातली. कारण: राखण.
सही करत होते तेव्हा आतून खटक्याचा आवाज आला.
पंखा हळू झाला,
पाती एकेक दिसू लागली, थांबली.

पायरीवरची म्हातारी
तेव्हा उठली.